घडीच्या चाकूची पारख : मावळचा पाऊस आणि पोलादाचे पाणी

मावळ तालुक्याच्या पश्चिम टोकाला, लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर, वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. पोलादी पात्याची परीक्षा पाहणारा याहून कडक परीक्षक महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. खिशात ठेवायचा, मिटवता येणारा पारंपरिक चाकू, ज्याला साध्या बोलीत घडीचा चाकू म्हणतात, त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी या प्रश्नाचा विचार म्हणूनच मावळात उभे राहून करणे सोयीचे ठरते. दुकानात चकचकीत दिसणारे पाते भाद्रपदात कसे दिसेल, हे विचारल्याशिवाय येथे कोणत्याही हत्याराची किंमत ठरत नाही.

मावळात हे विचारण्याची सवय नवी नाही. घडीचा चाकू हे येथल्या शेतकऱ्याचे मूळ हत्यार नव्हे. त्याचे रोजचे हत्यार म्हणजे कोयता, आणि तो खिशात नव्हे तर कमरेला बांधलेल्या आकडीत, म्हणजे कोयता अडकवून ठेवण्याच्या लाकडी आकड्यात असतो. भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी ऐन-किंजळाचे टाळे तोडून त्यांचा राब रचणे, कुंपणासाठी काटेरी फांद्या काढणे, कुडाच्या भिंतीसाठी कारवी तोडणे, वाटेत आडवी आलेली वेल छाटणे ही सगळी कामे कोयत्याची. कार्तिकाच्या आसपास भात कापणीला आला की विळ्याची पाळी येते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार होऊन 1987 मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी हा वाण आज मावळची ओळख बनला आहे, आणि जेथे यंत्र जाऊ शकत नाही अशा डोंगरउताराच्या खाचरांत त्याची कापणी अजूनही वाकून, मूठ मूठ धरून, विळ्यानेच होते. दिवसभर विळा चालवणाऱ्या बाईला पोलादाचे रसायनशास्त्र ठाऊक नसले, तरी कोणत्या विळ्याची धार दुपारनंतरही टिकते आणि कोणता विळा पहिल्या बांधालाच बोथट होतो, हे ती मनगटाच्या दुखण्यावरून अचूक सांगते. गुणवत्तेचे पहिले मोजमाप हे असे आहे.

या मोजमापाला पूर्वी एक भक्कम आधार होता. गावगाड्यातला लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर नांगराचे फाळ, विळे, खुरपी, कोयते घडवून आणि शेवटून द्यायचे, म्हणजे झिजलेले टोक व धार तापवून, ठोकून पुन्हा नीट करून द्यायची, आणि सुगीला त्याबदल्यात धान्याचे बलुते घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड आणि तिच्यामुळे होणारा अन्याय होता, हे विसरून तिचे गोडवे गाणे चूक ठरेल. तरीही हत्यारापुरते पाहिले तर तिच्यात एक गोष्ट पक्की होती: वाईट घडवलेला विळा लोहाराकडेच परत येत असे आणि तो दुरुस्त करण्याचे जादा दाम त्याला मिळत नसे, त्यामुळे चांगले घडवणे हे त्याच्याही सोयीचे होते. गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांचे गणित वेगळे होते. रस्त्याच्या कडेला भाता मांडायचा, पुरुषाने सांडशीत लोखंड धरायचे, बाईने घण मारायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत हत्यार घडवायचे. येथे विश्वास नात्यावर नव्हे, तर समोर दिसणाऱ्या कामावर ठेवला जाई. दुकानात प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद झालेला चाकू घेताना गिऱ्हाइकाजवळ या दोन्हींपैकी एकही आधार नसतो, आणि म्हणूनच स्वतःची पारख वाढवणे त्याला भाग आहे.

पारखीची सुरुवात पोलादापासून होते. लोखंडात अल्प प्रमाणात कार्बन मिसळला की पोलाद बनते, हे सर्वांना माहीत असते. मात्र ते प्रमाण किती, यावर सारे अवलंबून असते. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो, आणि अशा लोखंडाला कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी ते धार धरण्याइतके कठीण होत नाही. मालमोटारीच्या पाट्यांच्या पोलादात तो साधारण अर्धा ते सहा दशांश टक्का असतो, आणि खेड्यापाड्यांत पाट्याचा कोयता हा नावाजला जातो त्याचे कारण हेच आहे. कानशीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याहून अधिक असतो. घडीच्या चाकूचे पारंपरिक पाते या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, सहा दशांश ते एक टक्का कार्बनच्या पोलादाचे असते, कारण त्याला कोयत्यासारखा आघात सोसायचा नसतो, पण बारीक धार बराच काळ धरून ठेवायची असते.

नुसते चांगले पोलाद असून भागत नाही. त्याला पाणी द्यावे लागते. पाणी देणे म्हणजे पाते लालभडक तापवून एकदम थंड करणे. सुमारे 770 अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, आणि त्याच्या थोडे वर गेल्यावर ते बुडवले असता आतली कणरचना अशी गोठते, की पोलाद काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ बनते. खेड्यातला कसबी लोहार कोयत्याची फक्त धारेची कड बुडवतो. पाठीचा भाग वरच राहिल्याने तो मऊ आणि चिवट राहतो. मग तो पाते बाहेर काढून विटेच्या किंवा दगडाच्या तुकड्याने धारेजवळची काजळी झटपट घासून चकाकी आणतो आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना तिथे उमटणारे रंग पाहत थांबतो. आधी पेंढ्यासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे ते रंग एकामागून एक सरकत येतात. पिवळा रंग साधारण 220 ते 230 अंशांना, तपकिरी 250 ते 260 अंशांना आणि निळा 300 अंशांच्या आसपास दिसतो. हवा तो रंग धारेपाशी पोहोचला की पाते पुन्हा पाण्यात जाते आणि काम संपते. ही सगळी क्रिया काही क्षणांत उरकते. तापमापक नसताना केवळ रंगाच्या आधाराने वीस-पंचवीस अंशांचा फरक ओळखणारी ही नजर भारतीय कारागिरीतील फार मोठी विद्या आहे, आणि तिची नोंद ज्या आदराने व्हायला हवी तितकी झालेली नाही.

घडीच्या चाकूत ही विद्या दुहेरी लागते, आणि येथेच तो कोयत्याहून अवघड ठरतो. अशा चाकूत मुख्यतः तीन भाग असतात: पाते, ते ज्यावर फिरते तो खिळा, आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी कमान. कमानीचे एक टोक पात्याच्या बुंध्यावर दाबून बसलेले असते. पाते उघडताना ती किंचित उचलली जाते आणि पाते पूर्ण उघडले की बुंध्याच्या सपाट कडेवर खटकन खाली बसते. मिटवतानाही तसेच होते. पाते जागेवर राहते ते केवळ या दाबामुळे. पारंपरिक खिशातल्या चाकूला वेगळी कडी किंवा कुलूप नसते. आता पात्याला फिक्या पिवळ्या ते तपकिरी रंगापर्यंतच उतरवायचे असते, तर कमानीला निळ्यापर्यंत न्यावे लागते, कारण तिला कठीणपणापेक्षा वाकून पुन्हा सरळ होण्याची ताकद हवी असते. दोन्ही भाग एकाच पोलादाचे असले तरी त्यांचे पाणी वेगळे. कमान फार कठीण राहिली तर एक दिवस ती मोडते, फार मऊ झाली तर दाब ढिला पडून पाते बोटांवर मिटते. म्हणून घडीच्या चाकूकडून ठेवायची पहिली अपेक्षा धारेची नव्हे, कमानीची आहे.

ही अपेक्षा तपासणे अवघड नाही. चाकू सावकाश उघडावा आणि शेवटी येणारा खटका कानाने ऐकावा व बोटाने जाणवून घ्यावा. तो स्वच्छ, एकाच जागी आणि दर वेळी सारखाच यायला हवा. मग उघडे पाते दोन बोटांत धरून आधी वरखाली आणि नंतर डावी-उजवीकडे हलवून पाहावे. वरखाली हालचाल अजिबात चालणार नाही, कारण तिचा अर्थ कमान बुंध्यावर नीट बसलेली नाही असा होतो. आडवी हालचाल केसभर असेल तर हाताने घडवलेल्या स्वस्त चाकूत ती पदरी घेता येते, पण मग तो चाकू कापण्यापुरताच वापरावा, टोकाने उचकटण्यासाठी नव्हे. चाकू मिटवून पाठीकडून उजेडासमोर धरला असता कमान आणि तिच्या दोन बाजूंच्या पट्ट्या यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसू नये. दिसली तर त्या फटीतून पाणी आत जाईल, आणि मावळात ते पाणी चार महिने बाहेर येणार नाही. पात्याचे टोक मिटलेल्या स्थितीत मुठीबाहेर डोकावत असेल, तर धार कितीही चांगली असली तरी तो चाकू खिसा फाडणार आणि बोटही कापणार, हे गृहीत धरावे.

खिळ्यावर फिरणाऱ्या पात्याची पारख मराठी घरांना वस्तुतः जुनी आहे, कारण अडकित्ता हे त्याच जातीचे हत्यार आहे. कमरेच्या चंचीत पाने, चुन्याची डबी, कात आणि सुपारी यांच्याबरोबर अडकित्ता असे, आणि तो विकत घेताना सुपारी कातरून पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नसे. चांगला अडकित्ता सुपारीची पातळ, अखंड चकती काढतो. खिळा सैल असलेला अडकित्ता तिचा चुरा करतो, कारण पाते खाली येताना बाजूला सरकते आणि कापण्याऐवजी चिरडते. पितळी दांड्यांत पोलादी पाते बसवलेले, मोराच्या, पोपटाच्या किंवा घोडेस्वाराच्या आकाराचे अडकित्ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोठ्या संख्येने पाहायला मिळतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेला आणि 1975 मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केलेला हा संग्रह पाहताना लोक नक्षीवर खिळून राहतात, ते स्वाभाविकच आहे. पण त्या अडकित्त्यांचा खिळा जवळून पाहण्यासारखा असतो: अनेकांत तो मुठीच्या सपाटीत इतका घासून बसवलेला असतो, की बोट फिरवले तरी कोठे उंचवटा लागू नये. नक्षीदाराने सांध्याकडे तेवढेच लक्ष दिले होते, आणि उत्तम घडीच्या चाकूकडूनही नेमकी हीच अपेक्षा ठेवायची असते.

पोलाद आणि सांधा यांच्यानंतर विचार येतो तो कारागिराच्या खुणेचा. पात्याच्या बुंध्यावर नाव किंवा ठसा उमटवण्याची पद्धत युरोपात शेफील्ड आणि झोलिंगेन या शहरांनी जगभर नेली. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रूस असलेला ठसा वसाहतकाळात भारतातही चांगल्या चाकूची खूण मानला गेला. ठशाला भाव आला की नकली ठसे येतातच. स्वस्त पात्यांवर शेफील्डचे नाव उमटवले जाऊ लागल्याने इंग्लंडमध्ये 1887 मध्ये मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला आणि 1889 मध्ये ब्रिटिश भारतातही तशाच स्वरूपाचा कायदा आला. झोलिंगेनच्या नावाला 1938 पासून जर्मनीत कायद्याचे संरक्षण आहे. एखाद्या गावाचे नाव हीच गुणवत्तेची हमी ठरावी आणि ती जपण्यासाठी राज्यसत्तेला मध्ये पडावे लागावे, यावरून त्या नावामागे किती पिढ्यांचे काम असेल याची कल्पना येते.

मावळात मात्र कारागिराने आपल्या कामावर नाव घालण्याचा दाखला याहून कितीतरी जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या ब्राह्मी लेखांत दाते म्हणून व्यापारी, यवन आणि भिक्षू यांची नावे आहेत. त्यांच्यातच धेनुकाकट येथील सामी या सुताराचे नाव आहे, आणि लेण्याचे द्वार त्याने केल्याचे तेथे कोरले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात एका कारागिराने स्वतःच्या कामाची जबाबदारी नावानिशी घेतली होती. त्या काळी ज्या टाक्यांनी हा काळा बसाल्ट फोडला गेला, त्यांचे घाव भाजे आणि बेडसे येथील लेण्यांच्या भिंतींवर अजून दिसतात. टाकीला योग्य पाणी दिल्याशिवाय असा कठीण दगड कापला जाणे शक्य नाही, म्हणजे पोलाद कठीण करण्याची विद्याही या खोऱ्यात तितकीच जुनी मानली पाहिजे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य स्वस्त चाकूंवर ना कारागिराचे नाव असते, ना पोलादाची जात, ना गावाचा पत्ता. अशा वस्तूला पारंपरिक म्हणणे खरे तर योग्य नाही. तिने परंपरेचे फक्त रूप घेतले आहे, तिची जबाबदारी घेतलेली नाही.

येथून पावसाकडे वळावे लागते. साध्या कार्बन पोलादाला गंज चढतो, आणि लोणावळ्याच्या दमट हवेत तो एका रात्रीत चढतो. त्यावरचा उपाय म्हणून गंजरोधक पोलाद आले. शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये त्याचा एक महत्त्वाचा प्रकार तयार केला आणि पुढे चाकूंच्या धंद्याचे स्वरूप बदलून गेले. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये इबाख येथे कारखाना काढून 1891 पासून आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरवले होते. त्यांच्या कंपनीने 1921 मध्ये व्हिक्टोरिनॉक्स हे नाव घेतले, त्यातला शेवटचा भाग गंजरोधक पोलादाचाच निदर्शक आहे. पोलादात क्रोमियमचे प्रमाण साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले, की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो हवा-पाण्याला आत जाऊ देत नाही. पावसाळ्यात लोहगड-विसापूर चढणाऱ्या माणसासाठी असे पाते निःसंशय सोयीचे आहे.

तरी त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती केवळ पैशांत नसते. स्वस्त गंजरोधक चाकूंत कार्बन कमी असतो, त्यामुळे त्यांची धार लवकर जाते आणि निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, घासताना पाते दगडावरून घसरत राहते. कठीणपणा मोजण्यासाठी रॉकवेल मापन वापरतात. त्यात हिऱ्याचा शंकू ठरावीक दाबाने पोलादात रुतवून तो किती खोल जातो हे पाहतात, आणि जितका कमी रुतेल तितका आकडा मोठा येतो. चांगल्या पारंपरिक घडीच्या चाकूचा हा आकडा साधारण 54 ते 58 असतो. विक्रेते 60-62 च्या पुढचे आकडे अभिमानाने सांगतात. पण तितके कठीण पाते घरच्या साध्या दगडावर धार घेत नाही आणि हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर पडले तर त्याची कड तुटते. खेड्यात किंवा डोंगरात वापरायच्या चाकूला घरच्या घरी धार लावता आली पाहिजे, ही अपेक्षा आकड्यापेक्षा अधिक मोलाची आहे.

कार्बन पोलादाच्या पात्याबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कैरी, आवळा, चिंच किंवा सुपारी कापली की असे पाते काळपट, निळसर पडते, आणि नवा मालक ते खराब झाले असे समजून वाळूने घासू लागतो. हा काळेपणा गंज नव्हे. फळातील आम्ल आणि तुरट द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून तयार होणारा हा घट्ट थर लाल गंजाला काही अंशी अटकावच करतो. जुन्या अडकित्त्यांची आणि विळींची पाती काळी असतात ती याचमुळे. लाल, पिठूळ, बोटाला लागणारा डाग मात्र लगेच काढायला हवा, कारण तो खोल खड्डे पाडतो. पाते वापरल्यावर पुसून कोरडे करावे आणि खिळ्यात तेलाचा एक थेंब सोडावा, एवढ्याने बहुतेक काम भागते. तेलाचीही निवड हवी. जवसाचे तेल हवेत सुकून चिकट गोंद बनते आणि सांधा जाम करते. खोबरेल तेल सुमारे 24 अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे लोणावळ्याच्या हिवाळी रात्रीनंतर सकाळी चाकू उघडायला जड जातो. शिलाई यंत्राचे तेल सांध्याला उत्तम, परंतु फळे कापणाऱ्या पात्याला औषधी शुद्धतेचे द्रव पॅराफिन अधिक योग्य.

मुठीचा विचार दुर्लक्षिला जातो, आणि पावसाळी प्रदेशात ते महागात पडते. आल्प्सच्या पायथ्याशी, फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये घडवलेला साधा, लाकडी मुठीचा चाकू जगभर कौतुकाचा विषय आहे. 1955 मध्ये त्याला पाते अडकवणारी फिरती कडी जोडली गेली. साधेपणाचा तो उत्तम नमुना आहे. पण त्याची मूठ लाकडाची असून तिच्यातल्या खाचेत पाते थेट बसत असल्यामुळे, ओलाव्याने लाकूड फुगले की पाते खाचेत घट्ट अडकून बसते आणि नखाने उघडता येत नाही. ज्या हवेत तो जन्मला तेथे ही उणीव फारशी जाणवत नसेल, मावळात आषाढात ती नक्की जाणवेल. म्हणून येथल्या चाकूची मूठ शिंगाची, पितळी पट्ट्यांवर बसवलेल्या शिसवीची किंवा तेल पाजलेल्या अन्य कठीण लाकडाची असावी, आणि खिळे पोलादाऐवजी पितळेचे असावेत, कारण पोलादी खिळा आतून गंजून फुगला की मूठ चिरफाळते.

लोणावळ्याच्या परिसरातील कडे, धबधबे आणि किल्ले यांमुळे येथे गिर्यारोहकांचीही वर्दळ असते, आणि शिवदुर्ग मित्र यांसारख्या लोणावळ्यातील संस्था सह्याद्रीत अडकलेल्यांच्या बचावाचे काम करतात. दोराच्या कामासाठी मात्र पारंपरिक घडीच्या चाकूची शिफारस करता येत नाही. ताणाखाली असलेला दोर पात्याच्या निसटत्या स्पर्शानेही तुटतो, आणि ओल्या, बधिर हातात कुलूप नसलेले पाते मिटण्याचा धोका राहतो. तेथे बोथट टोकाचा, एका हाताने उघडणारा आणि पक्का अडकणारा चाकू हवा. एखाद्या वस्तूकडून तिच्या स्वभावाबाहेरचे काम अपेक्षिणे आणि मग तिला वाईट ठरवणे हा अन्याय आहे. फळ सोलणे, सुतळी कापणे, कलमाची काडी तासणे, पेन्सिलीला टोक काढणे, पिशवीचे तोंड उघडणे ही त्याची कामे, आणि ती तो वर्षानुवर्षे करतो.

चाकू कोणत्या कामासाठी घडवला आहे, हा फरक कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. शस्त्र अधिनियम 1959 खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख शस्त्रांत होतो, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. चित्रपटांनी प्रसिद्ध केलेला रामपुरी चाकू आणि तीन इंची पात्याचा खिशातला चाकू यांना एकाच तागडीत तोलणे म्हणूनच चुकीचे आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात चाकू बाळगण्यावर बंधने येऊ शकतात, याचे भान ठेवायला हवे.

धार लावण्याच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान होते ते विजेच्या वेगवान चक्रावर. चक्रावर कोरडे पाते टेकताच ठिणग्या उडतात, धार क्षणात चकचकीत होते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्याच क्षणी पातळ कड तापून निळी पडली, तर लोहाराने दिलेले पाणी तेथून उतरलेले असते, आणि त्या जागी धार टिकत नाही. सराणीवर धार लावणारा जुना कारागीर पात्यावर सतत पाणी घेत असे ते यासाठीच. घडीच्या चाकूला प्रत्येक बाजूने पंधरा ते वीस अंशांचा कोन पुरेसा असतो, आणि ओल्या निसण्यावर सावकाश काढलेली धार अनेक आठवडे पुरते. धार नीट लागली की नाही हे पाहण्यासाठी पात्याची कड दिव्याच्या उजेडात वर धरावी; बोथट जागा प्रकाश परतवते आणि पांढऱ्या रेघेसारखी दिसते, तीक्ष्ण कड दिसतच नाही.

अशा घासण्याने पाते वर्षागणिक अरुंद होत जाते, आणि त्याबरोबर त्याचे टोक हळूहळू खालून झिजून बाक बदलतो. मिटलेल्या चाकूचे टोक मग मुठीच्या वर डोकावू लागते, आणि पुष्कळ लोक अशा वेळी चाकू फेकून देतात. वास्तविक पात्याच्या बुंध्याशी, धारेच्या बाजूला, एक लहान उंचवटा असतो. मिटल्यावर तोच कमानीवर टेकतो आणि धारेला कमानीवर आपटू देत नाही. हा उंचवटा बारीक कानशीने अगदी थोडा, दर दोन-तीन घासांनंतर चाकू मिटवून पाहत, कमी केला की पाते मुठीत किंचित खोल बसते आणि टोक पुन्हा आत जाते. फार घासले तर धार कमानीला लागून बोथट होते, म्हणून हे काम घाईने करण्याचे नव्हे. चांगल्या चाकूत कारागिराने या उंचवट्याला त्यासाठी पुरेसा जाडपणा मुद्दाम ठेवलेला असतो, आणि विकत घेताना पात्याचा बुंधा निरखून पाहिला तर तो ठेवला आहे की नाही हे सहज कळते.